वाचकांचे प्रश्न : मॉरिशसच्या डोंगरधारेवर

मागील अंकात मॉरिशस बेटाच्या नैऋत्येकडील ब्लॅक रिव्हर डोंगरधारेचा ओझरता उल्लेख या सदरात आला होता. त्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि संकेश्वर येथून अपेक्षेपेक्षा बरीच अधिक पत्रे आली. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ६३ आहे आणि यजमान ६८ वर्षांचे आहेत. मुलगा मॉरिशसमध्ये एबेन येथे नोकरीस असून जूनअखेरीस आम्हांला बोलावतो आहे. यजमानांचा उजवा गुडघा दुखरा आहे. आंबोलीला जाऊन गाडीतूनच धुके पाहायचे आणि भजी खाऊन परत यायचे, अशी आमची आजवरची सवय. या खेपेस थोडे तरी पायी चालावे असे मनात आहे. पण ऐन पावसाळ्यात डोंगरावर जावे का? गाडीने काय पाहता येईल आणि पायी किती जमेल?
— निवृत्त शिक्षिका, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : आपली पावसाळ्याची काळजी आधी दूर करतो. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेस साधारण वीस अंशांवर आहे, त्यामुळे आपल्याकडे मृगाच्या सरी कोसळत असतात तेव्हा तिथे हिवाळा सुरू झालेला असतो. तिथला खरा पावसाळा आणि चक्रीवादळांचा काळ नोव्हेंबर ते एप्रिल असा असून त्यातही जानेवारी ते मार्च हे महिने अधिक धोक्याचे असतात. जून ते सप्टेंबर हा काळ डोंगरात फिरण्यास उत्तम आहे. मात्र हिवाळा आहे म्हणून माथ्यावर कोरडे असेल, असे समजू नये.

हे नीट कळण्यासाठी आपला जिल्हाच डोळ्यांसमोर आणावा. आपल्याकडे पावसाचा वारा पश्चिमेकडून येतो, कणकुंबी आणि जांबोटीला मनसोक्त कोसळतो, बेळगावात रिपरिप करतो आणि सौंदत्ती-रामदुर्गाकडे पोचेपर्यंत त्याच्या झोळीत फारसे काही उरत नाही. मॉरिशसमध्ये हाच प्रकार उलट दिशेने घडतो. तिथे वर्षभर आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात आणि हिवाळ्यात ते अधिक जोरकस असतात. त्यांच्यासोबत आलेली वाफ मधल्या पठारावर चढते, तिथे पाऊस होऊन पडते आणि पश्चिम किनारा कोरडा राहतो. पठाराच्या काही भागांत वर्षाला ४००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तर अवघ्या तासाभराच्या अंतरावरील पश्चिम किनाऱ्यावर त्याचा चौथा हिस्साही पडत नाही. त्यामुळे मुलाच्या घराच्या खिडकीतून लख्ख ऊन दिसत असले, तरी वर धारेवर ढग बसलेला असू शकतो. वरची हवा किनाऱ्यापेक्षा चार-पाच अंशांनी थंड असते आणि वाऱ्यामुळे ती आणखी बोचते. महाबळेश्वरला नेतो तसा एखादा स्वेटर आणि त्यावर वारा अडवणारे पावसाळी जाकीट दोघांसाठीही न्यावे. तिथे छत्रीचा उपयोग होत नाही. वारा ती उलटी करून हातात देतो.

आता रस्त्याविषयी. मधल्या पठारावरून, म्हणजे वाकोआ किंवा क्युर्पिप या गावांकडून निघालेला रस्ता मार ओ वाकोआ या बेटावरील सर्वांत मोठ्या जलाशयाच्या बाजूने पेत्रँ या ठिकाणी येतो. ही ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानाची वरची हद्द होय. हे उद्यान १९९४ साली घोषित झाले असून त्याचे क्षेत्र सुमारे ६७ चौरस किलोमीटर आहे. पेत्रँपासून रस्ता प्लेन शँपेन नावाच्या उंच सपाटीवरून जातो. समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास असलेली ही जागा आपल्या बेळगाव शहराहून उंच नाही. पण बेळगावातून समुद्र दिसत नाही आणि इथून तो दोन-दोन बाजूंना दिसतो. पुढे शामारेल गाव लागते आणि तिथून रस्ता वळणावळणांनी पश्चिम किनाऱ्यावरील काझ न्वायाल येथे उतरतो. न थांबता गेल्यास पेत्रँ ते शामारेल हे अंतर अर्ध्या-पाऊण तासाचे आहे, परंतु ते न थांबता जाण्यात काही अर्थ नाही. पूर्ण दिवस द्यावा.

माझी सूचना अशी की आपण सकाळी आठच्या आत पेत्रँला पोचावे. ढग बहुधा दुपारकडे दाटतात, आणि उशिरा निघालेल्या पर्यटकाला पांढरी भिंत पाहून परतावे लागते. पेत्रँहून माकाबे जंगलाकडे जाणारी रुंद वाट जवळजवळ सपाट आहे. तिच्यावर अर्धा तास जाणे आणि अर्धा तास येणे एवढे चालणे यजमानांना काठीच्या आधाराने सहज जमेल. आपल्या पत्रातील 'थोडे तरी पायी' ही इच्छा इथे पूर्ण करावी, कारण बेटावरील मूळच्या जंगलाचा जो थोडा भाग आज उरला आहे, त्यातला चांगला तुकडा हा आहे. मॉरिशसचे आबनूस एकेकाळी डच वसाहतवाल्यांनी जहाजे भरभरून नेले. त्याची उरलेली झाडे इथे दिसतात. ती बुटकी, वाऱ्याने वाकलेली आणि अंगावर शेवाळ घेतलेली आहेत. नशीब असेल तर गुलाबी कबूतर किंवा त्या बेटाखेरीज कुठेच न आढळणारा हिरवा पोपट दिसेल. तिथला लहान ससाणा १९७४ साली रानात अवघ्या चारच्या संख्येने उरला होता, आणि तो नंतर प्रयत्नपूर्वक वाढवला गेला, ही गोष्ट आपल्यासारख्या शिक्षिकेला वर्गात सांगण्याजोगी वाटेल.

यानंतर गाडीने अलेक्झांड्रा धबधब्याच्या फाट्याला वळावे. वाहनतळापासून थोडेसे चालले की दक्षिण किनारा आणि त्याला लागून असलेला प्रवाळांचा पांढरा पट्टा दिसतो. धबधबा स्वतः फार मोठा नाही, आणि गोकाक पाहिलेल्या माणसाने त्याच्यासाठी वेगळा वेळ ठेवू नये, दृश्यासाठी ठेवावा. पुढचा थांबा ब्लॅक रिव्हर घळीचा व्ह्यू पॉइंट. समोर गर्द हिरवी दरी, कड्यांवरून पडणारी पाण्याची रेघ आणि दूर पश्चिमेला समुद्र, असे ते दृश्य आहे. खाली दरीत लांब शेपटीचे पांढरे समुद्रपक्षी घिरट्या घालताना दिसतात. आपण उंचावर उभे असल्याने त्यांच्या पाठी दिसतात, ही मला तरी फार सुंदर गोष्ट वाटली. तिथे माकडे आहेत आणि ती कुणाची भीड ठेवत नाहीत. पर्स आणि पिशवी सांभाळावी.

गुडघ्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहितो. चढ छातीला कळतो आणि उतार गुडघ्याला. त्यामुळे 'वरून खाली उतरणे सोपे' म्हणून माकाबेहून दरीच्या तळापर्यंत जाणारी दहा-एक किलोमीटरची वाट कुणी सुचवल्यास ती आपण दोघांनी नाकारावी. मुलाला हौस असेल तर त्याने ती एकट्याने न करता मित्रांसह करावी, आणि आपण गाडीने फिरून खालच्या दरवाजाशी त्याची वाट पाहावी.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र २४ ते २८ वयाचे आहोत. पावसाळ्यात कणकुंबी, चोर्ला, तिलारी या भागांत बहुतेक रविवारी भटकतो. मॉरिशसचे सर्वोच्च शिखर अवघे ८२८ मीटर आहे हे वाचून हसू आले, कारण आमच्याकडची गावेच जवळपास तेवढ्या उंचीवर आहेत. ब्लॅक रिव्हर शिखर, ले पूस आणि ले मोर्न ही तिन्ही ठिकाणे एका दिवसात करता येतील का? वाटाड्या लागतो का?
— चार मित्र, खानापूर

उत्तर : तिन्ही ठिकाणे एका दिवसात करता येणार नाहीत, आणि आली तरी करू नयेत. आपले हसू मात्र मला समजते, कारण मीही तसाच हसलो होतो, आणि त्याची किंमत काय पडली हे पुढे सांगतो.

स्थानिक फ्रेंच नावाने 'पितों द ला पतीत रिव्हिएर न्वार' म्हणवणारे ब्लॅक रिव्हर शिखर खरोखर ८२८ मीटरच आहे. वाटेची सुरुवात मी वर सांगितलेल्या व्ह्यू पॉइंटजवळच्या रस्त्यावरून होते, म्हणजे आपण निघतो तेव्हाच बरेचसे उंचीवर असतो. जाऊन-येऊन साधारण नऊ किलोमीटर चाल आहे. बहुतेक वाट धारेच्या अंगाने चढ-उतार करीत जाते आणि शेवटचा टप्पा एकदम उभा होतो. तिथे दोर बांधलेले असतात. दोर कुणी कधी बांधला हे आपल्याला माहीत नसते, म्हणून त्यावर सगळा भार टाकू नये. झाडाच्या मुळांवर पाय आणि दोरावर फक्त तोल, असे चढावे.

अडचण उंचीची नसून मातीची आहे. आपल्याकडच्या जांभ्याच्या सड्यावर पाऊस पडला तरी बुटाला दगडाची धार लागते. तिथे बेसाल्ट कुजून झालेली लाल-तपकिरी चिकणमाती आहे, ती वर्षभर ओली असते आणि तिच्यावर उघड्या मुळांचे जाळे पसरलेले असते. गुळगुळीत तळव्याचे धावण्याचे बूट तिथे कुचकामी ठरतात. जांबोटीकडच्या भाताच्या बांधावरून जुलैत चालताना जशी पावले टाकता तशी तिथे सलग दोन तास टाकावी लागतात. सराव करायचाच असेल, तर एखाद्या रविवारी सडा सोडून बांधावरून चालावे.

दुसरी अडचण पेरूची. आपल्या रानात घाणेरी आणि रानमोडी जशी माजली आहे, तशी त्या डोंगरावर बाहेरून आणलेली चिनी पेरूची झाडे माजली आहेत. हंगामात त्यांना लालचुटुक छोटे पेरू लागतात आणि स्थानिक लोक ते तोडायला आवडीने जातात; पण त्या झाडांनी मूळच्या जंगलाचा श्वास कोंडला आहे आणि वाटसरूची दिशाही तीच झाडे चुकवतात. माणसाच्या डोक्याहून थोडी उंच अशी ती सारखी-सारखी झुडपे दोन्ही बाजूंनी भिंतीसारखी उभी असतात, पेरू तोडणाऱ्यांनी त्यांत जागोजागी आडवाटा पाडलेल्या असतात, आणि ढग उतरला की खरी वाट कोणती आणि पेरूची कोणती हे ओळखता येत नाही.

आता माझी गोष्ट. पहिल्या खेपेस जून महिन्यात मी त्या वाटेला एकटाच दुपारी दीड वाजता लागलो. नऊ किलोमीटर म्हणजे घाटात हिंडलेल्या माणसाला तीन तास, असा माझा हिशेब होता. शिखराखाली पोचलो तेव्हा चार वाजायला आले होते आणि वर ढग बसला होता. इतके आलो आहोत तर तो हटेल, या आशेने मी अर्धा-पाऊण तास तिथे बसून काढला. तो हटला नाही. बेळगावात जूनमध्ये सात वाजून गेल्यावरही उजेड रेंगाळतो. तिथे त्या दिवसांत पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि संधिप्रकाश पाहता पाहता संपतो. ही साधी भूगोलाची गोष्ट मला ठाऊक होती, पण पायांना ठाऊक नव्हती. मोबाइलच्या उजेडात पेरूच्या जाळीत दोनदा चुकलो, एकदा घसरून मनगट मुरगळले आणि सात वाजता रस्त्याला लागलो तेव्हा त्या रस्त्यावर बस नव्हती. एका वयस्क जोडप्याने गाडी थांबवली आणि मला वाकोआपर्यंत सोडले. त्या बाईंनी वाटेत मला काहीही विचारले नाही, फक्त माझ्या चिखलाच्या बुटांखाली वर्तमानपत्र पसरले.

त्यामुळे आपणांस माझा आग्रह असा की सकाळी सातला चालायला सुरुवात करावी, शेवटच्या उभ्या टप्प्याच्या पायथ्याशी ढग असेल तर तिथेच डबा उघडून मागे फिरावे, आणि काहीही झाले तरी दुपारी बारानंतर वरच्या दिशेने पाऊल टाकू नये. प्रत्येकाजवळ डोक्याला बांधायची विजेरी असावी. चौघांत मिळून एक, हा प्रकार नको.

ले पूस हे ८१२ मीटरचे शिखर राजधानी पोर्ट लुईच्या मागे आहे. मोका गावाच्या बाजूने ती वाट सोपी असून त्यासाठी एक सकाळ पुरे होते. चार्ल्स डार्विन १८३६ साली बीगल जहाजातून मॉरिशसला आला असता या डोंगरावर चढला होता. त्याच रांगेत डोक्यावर भला मोठा गोल धोंडा घेतलेला पीटर बोथ हा ८२० मीटरचा डोंगर दिसेल. तो पाहून खुमखुमी आली तरी दोर आणि जाणता माणूस बरोबर नसताना त्याच्या वाटेस जाऊ नये.

ले मोर्नसाठी स्वतंत्र दिवस ठेवावा. ५५६ मीटरचा हा कडा बेटाच्या नैऋत्य टोकाला समुद्रातून सरळ वर आल्यासारखा उभा आहे. खालची वाट रुंद आणि सोपी आहे. मधल्या सपाटीनंतर मात्र हाता-पायांनी कातळ चढावा लागतो आणि तिथे वाटाड्या घेणे शहाणपणाचे आहे. इथे आणखी एक सांगावेसे वाटते. हा डोंगर म्हणजे गुलामीतून पळालेल्या माणसांचे लपण्याचे ठिकाण होते, आणि त्यासाठीच २००८ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा मान दिला. १८३५ साली गुलामगिरी संपल्याची वार्ता घेऊन शिपाई वर येऊ लागले तेव्हा आपल्याला धरायलाच ते आले असे समजून काहींनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी तिथली लोककथा आहे. प्रत्येक माथ्यावर ढोल-ताशे आणि घोषणा देण्याची आपल्या मंडळींची सवय तिथे आवरावी.

बेटावर विषारी साप नाहीत, हे वाचून घरच्यांना बरे वाटेल. गांधीलमाश्या आहेत आणि त्या पानांखाली पोळी करतात, म्हणून झुडपात हात घालताना पाहावे. काही धारांना लागून हरणांच्या शिकारीसाठी राखलेल्या खाजगी जमिनी आहेत; हिवाळा हाच शिकारीचा हंगाम असल्याने आखलेली वाट सोडणे हे तिथे केवळ नियमभंगापुरते राहत नाही. रुग्णवाहिकेसाठी ११४ आणि पोलिसांसाठी ९९९ हे क्रमांक मोबाइलमध्ये आधीच नोंदवून ठेवावेत.

प्रश्न : मी गेली वीस वर्षे निपाणी-कोल्हापूर आणि आंबोली घाटात स्वतः गाडी चालवतो. मॉरिशसमध्ये गाडी भाड्याने घेऊन डोंगरातील रस्ता स्वतः चालवावा की चालक घ्यावा?
— एक व्यापारी, निपाणी

उत्तर : खुशाल स्वतः चालवावी. वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, चालकाची जागा उजवीकडे असते आणि पाट्या इंग्रजीत असतात. मूळ भारतीय परवाना सोबत असावाच. त्याशिवाय निघण्यापूर्वी बेळगाव किंवा चिकोडीच्या परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्यावा. तो वर्षभर चालतो आणि गाडी देणारा शंका काढू लागला तर वाद टळतो.

आपल्या सवयींपैकी दोन तिथे अडचणीच्या ठरतील. पहिली, वर्तुळाकार चौकात घुसण्याची. तिथे असे चौक फार आहेत आणि उजवीकडून आत आलेल्या गाडीला वाट द्यावीच लागते. 'आधी नाक घातले त्याचा रस्ता' हा आपला नियम तिथे चालत नाही. दुसरी, हॉर्नची. आंबोलीच्या वळणावर हॉर्न न देणे हा गुन्हा वाटावा अशी आपली शिकवण आहे, आणि शामारेलहून उतरताना अगदी आंधळ्या वळणावर तो एकदा देण्यास हरकत नाही. एरवी लोक वळून पाहतात.

प्लेन शँपेनवर ढग उतरला की पुढचे काही दिसत नाही, त्या वेळी मंद दिवे लावून सावकाश जावे. प्रखर दिव्यांचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. शामारेल ते काझ न्वायाल हा उतार खालच्या गिअरमध्ये उतरावा. स्वयंचलित गिअरची गाडी घेतली असेल, तर तिच्यात खालचा गिअर कसा लावायचा हे गाडी ताब्यात घेतानाच विचारून ठेवावे. ब्रेकवर पाय ठेवून सगळा घाट उतरणारे पाहुणे तळाशी पोचतात तेव्हा चाकांतून करपल्याचा वास येत असतो. रस्ता अरुंद आहे, कडेला पावसाच्या पाण्यासाठी खोल उघड्या चऱ्या आहेत आणि गाडी बाजूला घेताना चाक त्यांत जाते, म्हणून फोटोसाठी वाटेल तिथे थांबू नये. थांबे आखून दिलेले आहेत.

धारेवरून एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूला उतरायचा बेत असेल, तर मात्र त्या दिवसापुरता चालक घ्यावा. तो आपल्याला पेत्रँला सोडतो आणि खाली ब्लॅक रिव्हरच्या दरवाजाशी येऊन थांबतो. स्वतःची गाडी वर आणि स्वतः खाली, अशी पंचाईत होत नाही.

प्रश्न : मॉरिशसचा दगड आणि आपला दख्खनचा दगड यांचे नाते आहे, असे एका व्याख्यानात ऐकले. विद्यार्थ्यांना हे सांगण्यापूर्वी खात्री करून घ्यावी म्हणून लिहितो. हे कितपत खरे आहे?
— भूगोल शिक्षक, चिकोडी

उत्तर : हे खरे आहे, आणि या पत्रांतील हा मला सर्वांत आवडलेला प्रश्न आहे.

पृथ्वीच्या पोटात काही ठिकाणी खोलवरून तप्त द्रव्य सतत वर येत राहते. अशा जागेला तप्तस्थळ म्हणतात. ती जागा साधारण स्थिर असते आणि तिच्यावरून भूपट्ट सरकत जातो. म्हणजे मेणबत्ती जागच्या जागी धरून वरून कागद ओढत नेला तर त्याच्यावर जशी डागांची ओळ उमटेल, तशी ज्वालामुखींची ओळ उमटते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट आज रियुनियन बेट आहे तेथील तप्तस्थळावर होता. तेव्हा थरांवर थर लाव्हा बाहेर आला आणि दख्खनचे पठार तयार झाले. बेळगाव त्या लाव्ह्याच्या अगदी दक्षिण काठाशी येते. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून पडतो तो खडक त्याहून फार जुना, कलादगी गटातील क्वार्टझाइट आहे. पण आपण चिकोडी-निपाणीकडे विहीर खणताना जो काळा फत्तर लागतो, तो त्या तप्तस्थळाचाच.

पुढे भूपट्ट उत्तरेकडे सरकत राहिला आणि मागे लक्षद्वीप, मालदीव, छागोस यांच्याखालचा समुद्रातील डोंगर तयार होत गेला. साधारण ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस समुद्रातून वर आले. आता त्याची पाळी संपली असून, नैऋत्येस सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या रियुनियन बेटावरील पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही वारंवार पेटतो. रियुनियनचे सर्वोच्च शिखर तीन हजार मीटरहून उंच आहे आणि मॉरिशसचे ८२८ मीटर, यामागेही वयाचाच भाग मोठा आहे. मॉरिशसच्या मूळच्या प्रचंड ज्वालामुखीचा मधला भाग ढासळला, झिजला, आणि कडेने उरलेल्या काठाचे तुकडे म्हणजे आजच्या त्याच्या डोंगररांगा होत. ब्लॅक रिव्हरची धार त्यांपैकीच एक. तिच्यावर चालणारा माणूस एका फुटलेल्या जुन्या रांजणाच्या काठावरून चालत असतो, असे विद्यार्थ्यांना सांगितल्यास चित्र उभे राहील.

या गोष्टीला एक पुरवणी आहे. २०१७ साली शास्त्रज्ञांनी मॉरिशसच्या तरुण लाव्ह्यात सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीचे झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक सापडल्याचे जाहीर केले. बेट कोवळे आणि स्फटिक इतके म्हातारे, याचा अर्थ खाली एखाद्या प्राचीन भूखंडाचा बुडालेला तुकडा असावा आणि वर येताना लाव्ह्याने त्याचे कण सोबत आणले असावेत, असा त्यांनी निष्कर्ष काढला. भारत आणि मादागास्कर एकमेकांपासून दूर जात असताना मध्ये उरलेला तो तुकडा होय.

शामारेलची 'सात रंगांची जमीन' पाहायला पर्यटक गर्दी करतात. चंदगडच्या पठारावरून फिरलेल्या माणसाला तिथे ओळखीचे काहीतरी दिसेल. उष्ण आणि पावसाळी हवेत बेसाल्ट कुजत गेला, त्यातील विरघळणारी द्रव्ये वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली. लोहामुळे लाल-तपकिरी छटा आल्या आणि ॲल्युमिनियममुळे निळसर-जांभळ्या. आपला जांभा आणि आपल्या पठारांवरचे बॉक्साइट याच कारखान्यातून निघाले आहेत. बेळगावात ॲल्युमिनियमचा उद्योग का आला, हा धडा याच रांगेत शिकवता येईल. शामारेलला मातीवर पाय ठेवू देत नाहीत, लाकडी सज्जावरून पाहावे लागते. जवळचाच शामारेलचा धबधबा सुमारे शंभर मीटरचा आहे, म्हणजे गोकाकच्या ५२ मीटरच्या जवळजवळ दुप्पट उंच. रुंदीत मात्र पावसाळ्यातले गोकाक त्याला हार जाणार नाही. हे मी जिल्ह्याच्या अभिमानापोटी लिहितो आहे, हे कबूल करतो.

प्रश्न : चालण्याच्या दिवशी बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थोडा कुंदा न्यावा असा विचार आहे. हे घेऊन जाऊ देतात का? आम्ही शाकाहारी आहोत. तिथे मराठी बोलणारे कुणी भेटतील का?
— एक गृहिणी, संकेश्वर

उत्तर : दशम्या आणि चटणी बंद पाकिटात न्याव्यात आणि विमानतळावरील घोषणापत्रात सर्व खाद्यपदार्थ प्रामाणिकपणे लिहावेत. कुंदा दुधाचा असल्यामुळे त्याचाही स्पष्ट उल्लेख करावा, आणि अधिकाऱ्याने ठेवून घेतला तर हळहळू नये. फळे, बिया, तुळशीचे रोप, मातीसकट मुळे यांपैकी काहीही परवान्याशिवाय नेऊ नये. घरून नेणार असाल ते बूटही तळव्यातली माती काढून, धुऊन न्यावेत. वर ज्या पेरूची तक्रार केली, तोही असाच कुणीतरी आणलेला आहे.

मराठी माणसे भेटतील. १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून जे लोक हिंदुस्थानातून तिथे गेले, त्यांत रत्नागिरी-सावंतवाडीकडची कुटुंबे होती. त्यांचे वंशज आज घरी-दारी क्रिओल बोलतात. मराठी काहीजण शाळेत शिकतात आणि काही वडीलधाऱ्यांना येते. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, आणि कोकणातली जाखडी तिथे 'झाकरी' या नावाने टिकून आहे. वाटेवर मात्र मराठीच्या भरवशावर राहू नये, इंग्रजी किंवा हिंदी कामाला येईल.

शाकाहाराची अजिबात चिंता नको. तिथे गल्लोगल्ली 'दालपुरी' मिळते. हरभऱ्याची डाळ शिजवून, वाटून, पोळीत भरून लाटतात, म्हणजे आपली पुरणपोळीच, फक्त गुळाशिवाय. आत रसभाजी आणि तिखट चटणी घालून गुंडाळून देतात आणि जोडीनेच विकतात. डोंगरावर भरवशाचे काही मिळत नसल्याने ती सकाळीच वाकोआ किंवा क्युर्पिपच्या बाजारातून बांधून घ्यावी. खायला माकाबेच्या वाटेवर किंवा गाडीत बसून खावी. व्ह्यू पॉइंटवर पुडी उघडली तर तिचा पहिला घास माकडाच्या तोंडी जाईल.